वाडा पडला तरी रांग मोडू देऊ नका

पुण्यात शनिवार, नारायण, कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि घरांच्या पायथ्याकडे बघा. जिथे जुनी घरं सलग उरली आहेत, तिथे काळ्या दगडाची जोती एकाला एक लागून जाताना दिसतील. त्यावर दरवाजे, ओटे, एखादं दुकान. वर खिडक्यांची किंवा सज्ज्यांची ओळ. त्याहून वर कौलांची वळचण. घरं कमी-जास्त उंचीची असतात, कुणाचा दरवाजा कमानीचा तर कुणाचा साधा चौकटीचा. तरी सगळी एका रेषेत उभी असतात. गल्लीला गल्लीपण येतं ते या रेषेमुळे.

आता जिथे मधलंच एक घर पाडून इमारत झाली आहे तिथे बघा. इमारत आठ-दहा फूट मागे सरकलेली असते, तळाला गाड्या आणि पुढे लोखंडी फाटक. सगळ्यात वाईट अवस्था होते ती शेजारच्या वाड्याची. दोन घरांमधली भिंत पाऊस झेलण्यासाठी बांधलेलीच नसते. कच्च्या विटा आणि माती, बाहेरून गिलावा नाही. शेजारचं घर मागे हटलं की ही भिंत उघडी पडते. तिच्यावर पत्रे ठोकले जातात, पत्र्यामागून पाणी झिरपतं, तुळयांची टोकं कुजतात आणि काही पावसाळ्यांनी त्या वाड्यालाही ‘धोकादायक’ची नोटीस लागते. असा एक दात पडला की शेजारचा हलायला लागतो.

म्हणून या लेखातला सल्ला थोडा उलटा वाटेल. वाडा वाचवायची धडपड जरूर करा, पण आधी रांग वाचवा. सगळे वाडे टिकणार नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतली मातीची घरं ढिगाऱ्यासारखी खचली. पुरातून वाचलेल्या घरांना गोठलेल्या भाड्यांनी आणि भाऊबंदकीच्या दाव्यांनी पोखरलं. आणि एखादी वास्तू कितीही प्रसिद्ध असली तरी ती प्रसिद्धी वेळेवर कामाला येतेच असं नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा न्यायालयीन वादात वर्षानुवर्षं कुजत राहिला; २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला गेला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. आपल्या गल्लीतल्या घरांना तर तेवढंही नाव नाही. त्यांच्यासाठी जे करायचं ते गल्लीतल्या लोकांनाच करावं लागेल.

पहिलं काम कागदाचं. गल्लीची नोंद करा. रविवारी सकाळी, दुचाक्या आडव्या लागण्याआधी, प्रत्येक घराचा समोरून सरळ फोटो घ्या. गल्ली अरुंद असेल तर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून घ्या. खालून वर कॅमेरा करून काढलेल्या फोटोत भिंती कलतात आणि मापाला उपयोग होत नाही. मग टेप घेऊन जोत्याची उंची, दरवाजाची रुंदी, पहिल्या मजल्याची पातळी, वळचणीची उंची मोजा. घराची रुंदी फुटांत घ्याच, पण खणांतही लिहा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि जुन्या घराचा दर्शनी भाग या खणांच्या ठेक्यावर बेतलेला असतो. तीनखणी, पाचखणी, पुन्हा तीनखणी असा गल्लीचा ठेका कागदावर उतरला की पुढे एखादा विकासक तीन घरं एकत्र करून एकच सपाट काचेची भिंत उभी करायला निघाला, तर त्याला दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

सोबत नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि भूखंडाच्या नकाशाचा उतारा काढा. घराघरांतल्या जुन्या अल्बममध्ये लग्नाच्या वरातीचे, मुंजीचे, गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो असतात. त्यांत मागे गल्ली दिसते. ते स्कॅन करून ठेवा. वरातीतल्या घोड्यापेक्षा मागचा सज्जा महत्त्वाचा.

हा कागद हातात आला की विकास आराखड्यात आपल्या गल्लीवर कोणती रेषा मारली आहे ते बघा. जुन्या भागांतली रांग बहुतेक वेळा याच रेषेपायी मोडते. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते, आणि ती ठरली की नव्याने बांधणाऱ्याला तिच्या मागे जावं लागतं. गल्ली एका दिवसात रुंद होत नाही. जो पाडतो तो मागे सरकतो, बाकीचे जागेवर राहतात. चाळीस वर्षं गल्ली करवतीसारखी दातेरी दिसते आणि वाहतुकीला त्या तुकड्यांचा काडीचा उपयोग होत नाही. तिथे पार्किंग होतं, हातगाड्या लागतात, कचऱ्याचे डबे येतात. पेठांतून हिंडणाऱ्या कुणालाही हे डोळ्यांनी दिसतं.

अशी रेषा नव्याने ठरवताना किंवा आराखडा सुधारताना हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटीस वर्तमानपत्रात येते, मुदत त्यातच लिहिलेली असते, आणि ती हुकली की पुढचे सगळे उसासे. हरकत एकेकट्याने, भावनिक भाषेत लिहू नका. ‘आमच्या आजोबांचं घर’ यावर सुनावणीतला अधिकारी मान डोलावतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. तुमचा मोजलेला नकाशा जोडा. किती घरं बाधित होतात, रुंदीकरण पूर्ण व्हायला त्यातली किती पाडावी लागतील, रस्ता पुढे कुठल्या अरुंद तोंडाशी जाऊन अडकतो, हे दाखवा. अग्निशमनाची गाडी हा मुद्दा हमखास निघेल आणि तो खोटा नाही. त्याचं उत्तर तयार ठेवा: गल्लीत ठरावीक अंतरावर पाण्याचे हायड्रंट, एका बाजूचं पार्किंग बंद, आडवी येणारी रोहित्रं आणि खांब हलवणं. ज्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात तिथे बंब अडतो तो गाड्यांमुळे, वाड्यांमुळे नाही.

याच टप्प्यावर महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडे सगळ्या गल्लीचा विचार ‘वारसा परिसर’ म्हणून करण्याची मागणी करता येते. मुंबईत १९९५ साली देशातली पहिली वारसा नियमावली लागू झाली, आणि एकेकट्या इमारतींबरोबर परिसरांनाही संरक्षण द्यायची कल्पना तिच्यात होती. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तू आणि परिसर यांची तरतूद आहे. वारसा यादीच्या श्रेणीत नाव आलं की सगळं सुरक्षित, असं मात्र समजू नका. यादी थोडा वेळ विकत घेऊन देते, एवढंच.

आता अशा गोष्टीकडे वळू, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही: रस्त्याची उंची. जुन्या घरात शिरायला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागत, त्या पायऱ्या गेल्या कुठे? दर काही वर्षांनी डांबराचा थर पडला, मग काँक्रीट आलं, त्यावर पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी आधीचं काढून न टाकता वर घातलं. जोतं बुडालं, ओटा रस्त्याला टेकला, दरवाजा ठेंगू दिसायला लागला. नुसतं दिसण्याचं नुकसान असतं तर सोसलं असतं. पण पावसाचं पाणी आता घरात येतं, मग दारात सिमेंटचा बांध घातला जातो, पाणी जोत्याच्या दगडांच्या सांध्यांतून आत शिरतं आणि तळखड्यावर उभ्या असलेल्या खांबाचा पाय कुजतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक घराच्या जोत्यावर रस्त्याच्या आजच्या पातळीची खूण रंगाने करून ठेवा आणि फोटो काढा. गल्लीत काम निघणार अशी कुणकुण लागताच, निविदा निघण्याआधी, क्षेत्रीय कार्यालयाला आणि नगरसेवकाला लेखी कळवा की जुना थर खरवडून मगच नवा थर घालावा आणि अंतिम पातळी खुणेच्या वर जाऊ नये. यंत्राने थर खरवडण्याला ठेकेदार ‘मिलिंग’ म्हणतात. तो शब्द पत्रात वापरा, काय हवं ते त्यांना लगेच कळतं. काम चालू असताना कुणीतरी एकजण रोज टेप लावून बघणारा हवा. पेठेत निवृत्त माणसांची कमतरता नाही, आणि ठेकेदाराला जाब विचारण्याच्या हौसेची तर त्याहून नाही.

घराच्या डागडुजीत सगळा खेळ पाण्याचा. कौलं चाळण्याचं काम एप्रिल-मे मध्ये उरकायचं. फुटलेली बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळी साफ करायच्या. दोन छपरं जिथे मिळतात ती पन्हळ आधी बघा, वाडा तिथून गळायला लागतो. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळाबरोबर विटाही येतात. बुंधा कापून मूळ मारावं लागतं. आणि वरच्या मजल्यावर नंतर काढलेली न्हाणी किंवा संडास असेल तर त्याच्या खालची लाकडं आधी तपासा. लाकडी पाटणीवर काँक्रीट ओतून केलेल्या या सोयी वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत राहतात.

डागडुजीतली मोठी चूक म्हणजे सिमेंट. मातीच्या नि चुन्याच्या भिंतीला ओल येणारच. ती चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वर चढते आणि गिलावा संपतो तिथे फुटते. मग लोणा लागतो, पोपडे पडतात, आणि घरमालक आणखी सिमेंट मारतो. चुन्याचं काम करायचं तर चुनकळी नीट विरवून, वाळू आणि विटांची सुरखी घालून, मळून घ्यावी लागते. जुने कारागीर त्यात गूळ, हिरडा, मेथी यांचं पाणी घालत. गिलावा झाल्यावर पुढचे काही दिवस तो ओला ठेवायचा. पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. रंगही चुन्याचाच द्या. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंट भिंतीचा श्वास कोंडतात, आणि काळ्या दगडाच्या जोत्याला तर कुठलाच रंग लावू नये. लोक का लावतात, देव जाणे.

लाकडाच्या बाबतीत घाईने ‘सगळं काढून लोखंडी गर्डर टाका’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खांबाचा पाय आणि तुळईचं भिंतीतलं टोक टोचून बघा. कुजकं लाकूड मऊ लागतं, वाळवी लागलेलं पोकळ वाजतं. बहुतेक वेळा खराब असतो तो दीड-दोन फुटांचा तुकडा. तेवढा कापून जुन्या सागवानाचा जोड देता येतो. हे करणारे सुतार अजून आहेत, पण त्यांना शोधावं लागतं. गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एकदाच बोलावलं तर त्यांनाही परवडतं.

धोकादायक इमारतीची नोटीस आली तर घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती येते. तुमची इमारत कोणत्या वर्गात घातली आहे ते विचारा. सी-१ म्हणजे पाडण्याखेरीज पर्याय नाही, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती करता येते, सी-३ किरकोळ. पाहणी करणारा अभियंता लाकडी सांगाड्याचा जाणकार आहे का, हे बघणं फार गरजेचं आहे. काँक्रीटवर हातोडी मारून वाचन घेणारं यंत्र मातीच्या भिंतीवर काय सांगणार? शंका असेल तर लाकूडकाम समजणाऱ्या अभियंत्याचा स्वतंत्र अहवाल घेऊन सादर करा. आणि इमारत खरोखरच धोकादायक असेल तर माणसं आधी बाहेर काढा, बाकीचे वाद नंतर.

भाडेकरूंसाठी एक गोष्ट. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ज्या खोलीचं भाडं महिना पन्नास रुपये आहे तिथे हा हक्क म्हणजे वर्षाला दीडशे रुपये. त्यात चार कौलंसुद्धा यायची नाहीत. तेव्हा कायद्यावर अवलंबून न राहता मालक आणि भाडेकरू यांनी छपरापुरता एक सामाईक निधी ठरवावा आणि ‘या पैशामुळे कुणाचाही हक्क वाढत किंवा कमी होत नाही’ असं कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मालकाला भीती असते की खर्च केला तर हे कायमचे बसतील, भाडेकरूला भीती असते की सही केली तर बाहेर काढतील. या दोन भीतींमध्ये छप्पर गळत राहतं.

आणि पाडायचंच ठरलं तर? मग नव्या इमारतीच्या आराखड्यावर सही करण्याआधी तुमच्या वास्तुविशारदाशी चार गोष्टी नीट बोला. दाट वस्तीच्या भागात पुढच्या मोकळ्या जागेचे नियम इतर शहरापेक्षा सैल असतात, त्यांचा फायदा घेऊन दर्शनी भिंत जुन्या रेषेवर ठेवता येते का, हे पहिलं. शेजारच्या जोत्याची आणि पहिल्या मजल्याच्या छज्ज्याची पातळी नव्या इमारतीत पुढे चालवणं, हे दुसरं. वरचे मजले मागे ढकलले तर रस्त्यावरून चालणाऱ्याला ते जवळपास दिसतही नाहीत. तिसरी गोष्ट अवघड: पार्किंग. तळमजला संपूर्ण खांबांवर उचलून गाड्यांना दिला की गल्लीच्या त्या तुकड्यातला माणूसच नाहीसा होतो. ओट्यावर बसणारी आजी, दुकान, दारातली रांगोळी, सगळं जातं आणि रात्री तिथे काळोख राहतो. निदान रस्त्याकडचा एक खण तरी दुकानाला, दवाखान्याला किंवा जिन्याच्या दाराला द्या, गाड्या मागे घ्या, प्रवेश एकाच अरुंद तोंडातून ठेवा. चौथी गोष्ट, वाड्यातली विहीर किंवा हौद राडारोड्याने बुजवू नका. पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आलेलं पाणी शहरातल्या हौदांत खेळत होतं, आणि विहिरीचं पाणी आजही टँकरपेक्षा स्वस्त पडतं.

दुकानांच्या पाट्या, एसीची खोकी, वायरी आणि वीज मीटर यांच्यासाठी मोठी योजना लागत नाही, एकमत लागतं. मुंबईत दादाभाई नवरोजी रस्त्यावर कमानींवर आडव्या-तिडव्या चढलेल्या पाट्या दुकानदारांना विश्वासात घेऊन कमानीच्या आतल्या मापात बसवल्या गेल्या. गल्लीपुरतं एवढंच ठरवा: पाटी दरवाजाच्या चौकटीच्या रुंदीत, सज्जा झाकणारी नाही, एसी बाजूच्या भिंतीला किंवा गच्चीवर, वायरी एका पट्टीतून. फ्लेक्सचा विषय निघाला की मंडळाचे कार्यकर्ते गप्प होतात, म्हणून तो पहिल्याच बैठकीत काढा. मंडळाला टाळून मात्र गल्लीत काही होणार नाही. गणेशोत्सव मंडळाकडे माणसं, वर्गणी, नगरसेवकाशी बोलण्याची सवय आणि दहा दिवस मांडवात जागा असते. त्याच जागेत तुमच्या गल्लीचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावा.

गल्ली सुंदर झाल्यावर काय होतं, हे पणजीच्या फोंतेनाशमध्ये जाऊन बघावं. रंगीत घरं आणि शिंपल्यांच्या खिडक्या टिकल्या, आणि मग दारासमोर फोटोशूट करणाऱ्यांनी रहिवाशांना वैताग आणला. पेठेत तळमजल्यावर एखादं कॅफे आलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ओळीने कॅफेच आले तर राहणारे जातील. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांबं ठोकण्याचा आवाज येतो तोवर ती तांबट आळी. दर्शनी भिंती राखून माणसं घालवायची असतील तर हा सगळा खटाटोप कशाला?

शेवटी एक कलम, करारात घालण्यासाठी. वाडा उतरवताना लाकूड, दगड आणि दरवाजे बहुधा पाडणाऱ्या ठेकेदाराच्या वाट्याला जातात, आणि तिथून जुन्या बाजारात. खांब कुणाच्या तरी फार्महाऊसच्या व्हरांड्यात दिसतो. विकसन करारात स्पष्ट लिहून घ्या की दर्शनी दरवाजा चौकटीसह, गणेशपट्टी, सज्ज्याचे खांब, तळखडे आणि जोत्याचे घडीव दगड ही मालकांची मालमत्ता राहील, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून फोटोसह यादी होईल, आणि त्यांतले जोत्याचे दगड व दरवाजा नव्या इमारतीच्या रस्त्याकडच्या बाजूला बसवले जातील. दगडांचे क्रमांक रंगाने घाला, खडूने नको, पहिल्या पावसात पुसले जातात. यादीच्या तीन प्रती: मालकाकडे, वास्तुविशारदाकडे आणि मंडळाच्या कपाटात.